पंचनामा

शेफील्डला सहा वाजता अजून काळोख असतो.
मी एकावर एक दोन हातमोजे चढवतो
आणि काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालतो,
अडलेल्या गाईत जनावरांचा डॉक्टर घालतो तसे.

पिशवीवर नाव: विनिफ्रेड स्टॅनिफोर्थ.
वय एकाहत्तर. आतडं.
अंगाचं क्षेत्रफळ एक पूर्णांक बासष्ट चौरस मीटर.
इथे हे औषध माणसाला नाही, क्षेत्राला मोजून देतात.
एवढ्याशा तुकड्याचा सातबारा
कुठला तलाठी काढून देईल?

औषध फिकं पिवळं, उजेडाला भिणारं,
म्हणून त्याला तपकिरी बुरखा.
त्याआधी धोत्र्याच्या भाऊबंदांतलं एक इंजेक्शन,
पोटाची कळ थोपवायला.
विषामागे विष, रांगेनं, सही-शिक्क्यासकट.
त्याचं लांबलचक नाव मी रोज लेबलवर तपासतो.
घराण्याचं नाव मात्र आधीपासून ठाऊक होतं.

नरक्या.

बाबा राधानगरीकडे वनरक्षक होते.
झाडाच्या फुलांना असा वास
की कुणी सरपणालासुद्धा हात लावीना.
मग एका वर्षी रातोरात बुंधे गायब होऊ लागले,
कोवळी रोपं मुळासकट,
खांडोळी करून, पोत्यांत भरून.
बाबा टेम्पो अडवत. पंच बोलावत.
‘मुद्देमाल: नरक्या, ओला, पोती चाळीस.’
खाली चोरांचे अंगठे.
चोर म्हणजे कोण, तर रोजावर कोयता चालवणारी
वाडीवरची पोरं. दोन माझ्याच वर्गातली.
परदेशात जातंय म्हणे, एवढंच कळायचं.
कशाला, हा रकाना
पंचनाम्याच्या नमुन्यात नव्हता.

इथे येत होतं ते.
किंवा नसेलही. चीनमध्ये याच रसाचं दुसरं झाड आहे
आणि बाटलीवर झाडाचं गाव लिहीत नाहीत.

तिसऱ्या खेपेला बाईंच्या पांढऱ्या पेशी संपल्या.
राखण उठून गेलेलं शेत, दुसरं काय.
ताप चढला. रक्तात जंतू सापडला तोही परका नव्हे,
तिच्याच आतड्यात सत्तर वर्षं
भाडं न देता राहिलेला.
त्या रात्री मी अँटिबायोटिक घेऊन स्वतः वर गेलो.
नर्सनं दार अर्धंच उघडलं.

नवव्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती.
‘काय असतं रे त्यात, त्या पिवळ्यात?’
झाड, मी म्हणालो. नावाचा अर्थ नरकातला.
‘नॅरक्या,’ ती म्हणाली. पुन्हा एकदा, ‘नॅरक्या.’
‘माझ्या पोटाला ते आधीच कळलं होतं.’
हसताना तिचा ओठ फुटला.
मग मी टेम्पोचं सांगितलं.
‘किती अडवले तुझ्या वडिलांनी?’
अकरा.
ती बराच वेळ खिडकीबाहेरच्या ट्रामकडे बघत राहिली.
‘चांगलं केलं,’ म्हणाली. आणि मग,
‘नाही का?’

मला काही सुचलं नाही.
जाताना तिची पाण्याची बाटली भरून ठेवली.

पाळी संपली की नियमाप्रमाणे
मोज्यांसकट पाचही बोटं
गार जेलीच्या ताटलीवर टेकवायची.
उजवा हात. डावा. तारीख. सही.
ताटल्या उबेत ठेवतात. काही दिवसांनी कुणीतरी बघतं.
काही उगवलं नसेल तर मी पास.

बाबांनी निवृत्तीनंतर परसात
नरक्याची बारा रोपं लावली. तीन जगली.
यंदा पहिल्यांदा फुलं आली, फोनवर सांगत होते,
आणि आळीनं ग्रामपंचायतीत वासाची तक्रार दिली आहे,
सह्यांनिशी.
खाली एक अंगठाही आहे.